कुंदाआत्याचा तिरका उजेड

चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला मी केस काळे करून गेलो होतो. घरच्या घरी, जुना बनियन घालून, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, बायकोच्या हातून. आरशात पाहिलं तेव्हा मला मी चांगलाच तरुण वाटलो. बायकोला मी नुसता काळा वाटलो, पण लग्नाला उशीर होत होता म्हणून ती काही बोलली नाही.

हॉलवर पोचलो तर कुंदाआत्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेली. नमस्काराला वाकलो, तशी तिनं माझी हनुवटी दोन बोटांत धरली, मला खिडकीकडे वळवलं, मान जराशी कलती केली आणि पाचपन्नास पाहुण्यांसमोर निकाल दिला.

"कानामागे राहिलंय. आणि कपाळावर उतरलंय."

"आत्या, हळू बोल ना."

"रंग दिलेली वस्तू दोनच ठिकाणी सापडते. रंग जिथं पोचलेला नसतो तिथं, आणि जिथं पोचायला नको तिथं. बाकी मधलं काम बरं झालंय. कोणी केलं?"

बायकोनं कौतुकानं हात वर केला. त्या दोघींचं नेहमीच बरं जमायचं.

कुंदाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. अलिबागच्या एका हायस्कुलात तिनं जन्मभर शास्त्र शिकवलं आणि थळहून किहीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नारळीच्या वाडीतल्या कौलारू घरात ती एकटी राहिली. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं तर "वेळेवर लक्षात आलं नाही" असं ती खिशातली किल्ली विसरल्यासारखं सांगायची. तिला जुन्या नाण्यांचा नाद होता. तिच्याकडची नाणी काही फार दुर्मीळ नव्हती. तिची ख्याती वेगळ्याच कारणासाठी होती. एखादं नाणं घासलंय का, धुतलंय का, त्याच्यावर कोणी कारागिरी केलीय का, हे ती सांगायची. आणि समोरच्याला काय वाटेल याचा विचार न करता सांगायची. पेणपासून मुरुडपर्यंतचे नाणेवाले तिच्याकडे यायचे, आणि जाताना बहुतेकांची तोंडं पडलेली असायची.

इतर माणसं पैसे हाताळल्यावर हात धुतात. ही आधी धुवायची. मग हात कोरडे करून, मांडीवर मऊ फडकं पसरून, नाणं फक्त कडेनं धरायची. "कड धरा" हे तिचं पालुपद. विद्यार्थ्यांना काचेच्या पट्ट्या देताना ती हेच म्हणायची, आम्हाला फोटो दाखवतानाही हेच, आणि माझी मुलगी झाली तेव्हा बाळाला प्रथम हातात घेताना मी घाबरलो, तर मागून आवाज आला, "ह्याला मात्र कड नाही, आख्खं धर."

लोकांचा समज असा की काळवंडलेलं नाणं म्हणजे मळकं नाणं. ह्या एका समजुतीशी आत्याचं आयुष्यभर भांडण चाललं. "मळत नाही रे ते," ती म्हणायची, "ते वयात येतं. टाकसाळीतून निघाल्यावर हवेशी, घामाशी, मिठाशी त्याचा जो काही संसार झाला, तो त्याच्या अंगावर असतो. तुम्ही तो चिंच लावून पुसता आणि वर दाखवायला आणता."

कसं ओळखतेस, असं मी एकदा विचारलं होतं. तिनं एक न घासलेला रुपया बोटांच्या टोकांत धरून दिव्याखाली हलके हलके कलवला. नाण्यावरचा उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरला. मग दुसरा घेतला, लख्ख पांढरा. तो कितीही कलवला तरी उजेड होता तिथंच. "बघ," आत्या म्हणाली, "घासलेल्या नाण्यावर उजेड येतो आणि बसून राहतो. सरकारी पाहुण्यासारखा." मग तिनं दिवा खाली आणून नाण्याच्या अगदी बाजूला आडवा धरला, आणि त्या लख्ख पृष्ठभागावर बारीक ओरखड्यांचं जाळं उठून दिसायला लागलं. "समोरच्या उजेडात सगळेच गोरे दिसतात. उजेड तिरका हवा."

मीही एकदा तिच्यावर छाप पाडायला गेलो होतो. माणसाला चाळिशीनंतर जे नसते उद्योग सुचतात त्यातला हा एक. एका प्रदर्शनातून मी तांब्याचं एक जुनं नाणं घेतलं. त्यावरचं साल म्हणे फारच क्वचित सापडतं. विकणाऱ्यानं ते मला देताना डोळ्यांत पाणी आणलं होतं, त्यामुळे मला जास्तच खात्री वाटली. आत्यानं भिंग लावलं. नाणं तीनदा उलटंपालटं केलं. मी मनातल्या मनात शाबासकी घेऊन टाकली.

"ह्यातले पहिले तीन आकडे भावंडं आहेत," ती म्हणाली. "चौथा नंतर दत्तक घेतलाय."

"म्हणजे?"

"पहिले तिघे ठशातून आलेत. भाकरी फुगावी तसे जमिनीतून वर आलेत, कडा मऊ आहेत. हा चौथा भोवतालचं तांबं कोरून उभा केलाय. भोवती बघ, चर आहे. आणि चर लपवायला त्यावर काळं काहीतरी चोळलंय. बुटाचं पॉलिश असावं. वास घे."

मी वास घेतला. बुटाचं पॉलिशच होतं.

तिनं ते नाणं परत दिलं नाही. कोरीव काम कसं ओळखावं हे शिकवायला इतका चांगला नमुना मिळत नाही, म्हणाली. पुढे येईल त्या माणसाला ती ते डबीतून काढून दाखवायची आणि "हे माझ्या भाच्याचं" असं आवर्जून सांगायची. त्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या बऱ्याच नाणेवाल्यांना मी चेहऱ्यानं ओळखीचा नसलो तरी माझी अक्कल त्यांच्या परिचयाची आहे.

माझं एक सोडा, मी घरचा होतो. परक्यांशीही ती अशीच. किहीमला एका बंगल्याचे मालक मुंबईहून शनिवार-रविवारी यायचे. वडिलांच्या पश्चात त्यांचा नाण्यांचा संग्रह त्यांनी हॉलमध्ये काचेच्या टेबलाखाली मांडला होता, आणि मांडण्याआधी माळ्याला बसवून पॉलिशनं चकचकीत करून घेतला होता. आत्याला कौतुकानं चहाला बोलावलं. मला आत्यानं गाडी चालवायला बोलावलं होतं, पण चहा मिळेल असं गृहीत धरून मी दुपारची झोप मोडली होती.

आत्यानं टेबलाभोवती एक चक्कर मारली. काच उचला असंही म्हणाली नाही.

"वडील कधी गेले?"

"तीन वर्षं झाली मॅडम."

"आणि ही कधी घासलीत?"

"गेल्या दिवाळीत. का?"

"म्हणजे दोनदा गेले."

गृहस्थांचा चेहरा बदलला. "लोकांना आवडतात हो. येणारा प्रत्येकजण थांबून बघतो."

"येणाऱ्याला आवडावीत म्हणून घासलीत, हेच तर म्हणते मी. तुमच्या वडिलांनी ती न पुसता ठेवली, ते काय आळशी होते म्हणून?"

"मग आता काय करायचं?"

"आता काही करायचं नाही. झाकून ठेवा आणि विसरून जा. आपली हवा खारी आहे. ती करील हळूहळू तिचं काम, तिला तुमच्यापेक्षा जास्त समजतं."

चहा आला नाही. परतताना मी म्हटलं, "आत्या, थोडं गोड बोलली असतीस तर बिस्किटं तरी मिळाली असती."

"गोड बोलायचं तर शास्त्र कशाला शिकवलं असतं मी? मिठाईचं दुकान घातलं असतं."

अशी ही बाई. जे दिसलं ते बोलायचंच, कुणाच्या दारात आहोत, कुणाचं मीठ खाल्लंय, काही बघायचं नाही. म्हणूनच कोळीवाड्यातल्या देवळात त्या दिवशी जे झालं, ते मला अजून उलगडून बघावंसं वाटतं.

कोळीवाड्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या बायकांच्या तोंडी लागायची माझी ताकद नाही. तिथली हिरूबाय आत्याच्या दारी मासळी घेऊन यायची, आणि दोघींचं एकमेकींशिवाय चालत नसे. मासळीच्या पैशांत कधी जुनं नाणं आलं की हिरूबाय ते आत्यासाठी ठेवायची, पण द्यायच्या आधी चिंचेनं घासून लख्ख करून.

"किती वेळा सांगू हिरू, घासून आणू नकोस."

"तुमच्या हातान कळकट कशी देऊ बाई? मना बरा दिसते काय?"

ह्याच हिरूबायच्या घराकडे देवीच्या माळेचं काम होतं. देवीच्या गळ्यात राणीछाप रुपयांची माळ आहे. वादळातून जिवंत परतलेल्या नाखवांनी वेळोवेळी एकेक रुपया वाहिलेला, प्रत्येकाला वरच्या बाजूला डाक देऊन कडी जोडलेली. चैत्रातल्या जत्रेआधी ही माळ उतरवून स्वच्छ करायची, ती नारळाच्या सोडणाची राख घेऊन, अंगठ्यानं, एकेक रुपया गोल गोल चोळून. हिरूबायच्या सासूनं ते केलं, सासूच्या सासूनं केलं. आणि ह्या कामाचा एक नियम कडक होता. देवीचं रुपं, म्हणजे चांदी, विस्तवावर चढवायचं नाही. ते चुलीवर गेलं तर समुद्रावर गेलेल्या माणसाचं बरं होत नाही, असं तिथं सगळे मानतात.

त्या वर्षी देवस्थानची नवी कमिटी आली होती. अध्यक्ष जगन नाखवा, दोन ट्रॉलरांचा मालक, कामाचा उरक असलेला माणूस. त्यानं देवीच्या दागिन्यांची पाहणी करायला मुंबईहून एक नाणेवाले आणले. माळ नुकतीच साफ होऊन आलेली. नाणेवाल्यांनी ती हातात घेतली, दोनदा वरखाली केली आणि सांगितलं, हे रुपये जुने नाहीत, ओतीव नकला आहेत, अस्सल कोणीतरी काढून घेतले. माळ कोणाकडे होती? हिरूबायकडे. संध्याकाळपर्यंत सगळ्या कोळीवाड्यात झालं होतं, आणि रात्रीपर्यंत आत्याच्या कानावरही आलं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी म्हणून आत्याकडेच होतो. हिरूबाय आली ती टोपलीशिवाय. मागच्या पायरीवर बसली.

"बाई, आज देवलान येशाल काय?"

"मी देवळात कधी येते, हिरू?"

"देवाला नका येऊ. मना चोर म्हनतान, ते ऐकाला या. आज मिटिंग हाय. काम काढून घेतान नि पोलिसात देतान."

आत्या खाली तिच्याशेजारी पायरीवर बसली. "काय केलंस ग त्या रुपयांना?"

हिरूबायनं कोंबड्यांकडे बघितलं. "दरसाल करतंय तेच. राखेनं घासले."

आत्यानं तिचा हात हातात घेतला. संधिवातानं बोटं वाकडी झाली होती, अंगठा तर मुडपलाच होता. तो हात तिनं उलटसुलट पाहिला आणि सोडला. "येते," एवढंच म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिनं मला सांगितलं. "राखेनं घासलं की आठवडाभर नखांच्या कडेनं काळी रेघ राहते. दरवर्षी मी बघते. ह्या वर्षी तिच्या नखांत काही नाही. आणि त्या बोटांनी तिला माळ चोळता यायची नाही. माळ पांढरीफटक झालीय म्हणतात, नुसत्या घासण्यानं तशी होत नाही. नाणी उकळलीत. तिनं, नाहीतर त्या घरातल्या दुसऱ्या कोणीतरी."

"मग प्रश्नच मिटला. सांगून टाक."

"विस्तवावर चढवली म्हणून सांगू? तिचा मुलगा बोटीवर जातो. कोळीवाड्यातल्या प्रत्येक घरातलं कोणीतरी जातं. उद्या कुणाचं काही बरंवाईट झालं की सगळे ह्या घराच्या चुलीकडे बोट दाखवणार. चोरीचा डाग धुता येतो. हा कसा धुणार?"

देवळाच्या मंडपात माणसं दाटून बसली होती. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या, हिरूबाय त्यांच्यात अगदी पुढे, ताठ. मध्ये पाटावर ताट, ताटात माळ. मला नाण्यांतलं काही कळत नाही, हे आत्यानं गावभर केलेलंच आहे. पण ते रुपये खरोखर विचित्र पांढरे होते. चुना लावल्यासारखे.

"मॅडम, तुम्हीच बघा," नाणेवाले म्हणाले. माणूस उद्धट नव्हता, घाईत होता. "एवढी जुनी चांदी आणि इतकी सफेद? होऊच शकत नाही. राणीच्या केसांची एक लाइन दिसत नाही. कास्टिंग आहे सगळं."

"शेठ म्हनतान," जगन नाखवानं सांगितलं, "ही आमाला द्या, वितळवून नवी, एकसारखी करून देतो. देवीच्या गल्यान खोटा नको." बऱ्याच माना हलल्या.

आत्यानं आधी नळावर जाऊन हात धुतले. मग मंडपातले दिवे घालवायला सांगितले आणि मला टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसवलं. "वरून नको रे, आडवा धर. अजून खाली." माझ्या कमरेला हे मान्य नव्हतं, पण तिथं कमरेला विचारतंय कोण. आत्यानं एकेक रुपया कडेनं धरून, भिंगातून, सावकाश पाहिला. मंडपात कोणीतरी खोकलं, त्याला दोघातिघांनी गप्प केलं.

"नाखवा, इकडे या. डोळे चांगले आहेत ना तुमचे?" तिनं भिंग जगनच्या हातात दिलं. "झिजलेल्या नाण्याचा साचा घेऊन नक्कल ओतली, तर ती सगळीकडे सारखीच बोथट येते. आता ह्या कडीच्या खाली बघा. अंगठा जिथं पोचत नाही तिथं. काय दिसतं?"

जगन बराच वेळ बघत राहिला. "मुकुट. त्याची टोका दिसतान. बारीक नक्षी हाय."

"आणि खाली, केसांवर?"

"गुलगुलीत."

"तिथं काय दिसतंय आडव्या उजेडात?"

"चरे हायेत. गोल गोल."

"एकावर एक, सगळे एकाच दिशेनं फिरलेले. राणीचे केस चोरानं नेले नाहीत नाखवा, हिरूच्या घरातल्या बायकांच्या अंगठ्यांनी नेलेत. आता अक्षरांच्या खोबणीत बघा, लाल काहीतरी अडकलंय. तुमच्या आजीनं वाहिलेलं कुंकू असेल, तेल पिऊन दगड झालंय. चोरानं एवढी मेहनत केली असती तर त्याला कुठंही नोकरी लागली असती." बायकांत हसू फुटलं. आत्या उठली, दिवे लावायला सांगितले, गुडघे झाडले. "ओतीव नाहीत, बदललेली नाहीत. ही तीच आहेत."

"ठीक आहे," नाणेवाले म्हणाले, "ते मानू. पण मग इतकी सफेद कशी झाली, ते पण बोला ना मॅडम. घासून असं होत नाही, तुम्हाला पण माहीत आहे."

मी आत्याकडे बघितलं. हा प्रश्न म्हणजे तिच्या पानात वाढलेला पहिला मोदक. ह्याचं उत्तर देताना ती फळ्यावर समीकरण मांडते, बाण काढते, खाली दोन रेघा ओढते. तिनं फडकं घडी करून पिशवीत टाकलं.

"तुम्ही विचारलंत बदललीत का. त्याचं उत्तर दिलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"शास्त्राचा तास हवा असेल तर शाळेत नाव घाला."

"बघा," ते मंडपाकडे वळून म्हणाले, "शिकलेली माणसं अशीच बोलतात, माहीत नसलं की."

आत्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. याच्यापेक्षा कमी गोष्टींवरून तिनं मुख्याध्यापकांना रडवलं होतं. ती पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली आणि बसून राहिली. दिसत होतं, माहीत होतं, आणि बोलत नव्हती. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता टॉर्च तरी माझ्या हातून पडावी, म्हणजे कोणाचं तरी लक्ष जाईल.

"बाईंना माहीत हाय."

बायकांमधून आवाज आला. हिरूबायची सून, दर्शना, उभी राहिली होती. हिरूबायनं तिचं पातळ खेचलं. "गप बस ग."

"न्हाय बसत गप. बाई, तुमी आमच्यासाठी बोल खाताव, मना समजत न्हाय काय? मी नववीत तुमच्या वर्गात होते." ती मंडपाकडे वळली. "मी उकलले. सासूची बोटा बघा. घास घेताना ताटान सांडते. तरी म्हनते, मीच घासनार, घरचा मान हाय. मोबाईलवर बघितला, सोडा घालून उकलला की चांदी पांढरी होते. जर्मनच्या टोपान घातले नि ठेवले गॅसवर. ती बाजारान गेलेली, तिला ठावं पन नव्हता. चोर म्हनाचा तर मना म्हना."

"गॅसवर?" जगन नाखवा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मंडपात एकदम कुजबुज उठली आणि तिचा सूर चांगला नव्हता. पुरुषांत बसलेला दर्शनाचा नवरा मान खाली घालून चटईच्या काड्या मोडत होता.

आत्या उठली. आणि मग मात्र ती उठलीच.

"टोप काळा पडला का ग?" तिनं वर्गात विचारावं तसं विचारलं.

"व्हय बाई. तारेनं घासला तरी निघत न्हाय."

"आण इकडे."

कोणीतरी धावत जाऊन टोप आणला. आपल्या सगळ्यांच्या घरी असतो तसाच अॅल्युमिनियमचा, आतून काळाकुट्ट. आत्यानं तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "चांदीवरचा काळेपणा म्हणजे गंधक. चांदीनं धरून ठेवलेला गंधक उकळत्या सोड्यात ह्या टोपानं सोडवला, आणि त्या धुण्यात टोप काळा झाला. शेठ, मिळालं उत्तर? देवीच्या माळेतून जे गेलं ते एवढंच. मुद्देमाल सापडलाय, जप्त करा."

कोणी हसलं नाही. "बाई," जगन म्हणाला, "पर विस्तवावर..."

"नाखवा, विस्तवावर चढवायचं नाही हा नियम तुमच्या वाडवडिलांनी कशाला घातला? टोपात पाणी उकळायला घाबरत होते ते? कोणी अडीअडचणीत देवीची चांदी वितळवून विकू नये म्हणून घातला. ह्या पोरीनं काय विकलं? सगळे रुपये कडीसकट परत आणले. आणि हे शेठ म्हणाले, मला द्या, वितळवून नवी करून देतो, तेव्हा तुम्ही सगळे माना हलवत होतात. मी बघितल्या ना माना. ते काय थंड पाण्यात वितळवणार होते?"

मघाशी हललेल्या माना आता खाली गेल्या.

"समुद्रावर कोणाचं काय होईल ते मला माहीत नाही," आत्या म्हणाली. "पण काही झालंच तर हिच्या दारात जायच्या आधी माझ्या दारात यायचं. रस्त्यावरच घर आहे माझं. हिरूचं काम हिरूकडे राहील. आणि तसं तुम्ही आता, माझ्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलणार आहात."

जगन नाखवानं भिंग अजून हातात धरलं होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी आत्याला परत दिलं. "काम हिरूबायकडंच हाय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "आमची चूक झाली, हिरूबाय." नाणेवाल्यांनी पुन्हा एकदा माळ उचलली, कडीखाली नीट पाहिलं, आणि "हे बघायला पाहिजे होतं" असं स्वतःशीच म्हणाले. आत्याला त्यांचं ते बोलणं आवडलं. त्यांना तिनं चहालाही बोलावलं. माझं नाणं दाखवायला, अर्थातच.

परतताना दोघी मैत्रिणींचं भांडण मंडपाच्या पायरीवरच सुरू झालं. आता निदान पाच वर्षं त्या रुपयांना हात लावू नकोस, असं आत्याचं म्हणणं; देवीला काळवंडलेली ठेवायची म्हणजे काय, असं हिरूबायचं. ते भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. दोघीही बरोबर होत्या, आणि मी मध्ये पडलो तेव्हा दोघींनीही मला गप्प बसवलं.

आत्या आता नाही. तिचं आजारपण मी लिहीत नाही. त्यात ती फारशी नव्हतीच. माझ्या डोळ्यांसमोर राहिली आहे ती त्या वर्षीच्या जत्रेतली.

मिटिंगनंतर चारच दिवसांनी पालखी निघाली. बँडबाजा, गुलाल, टोप्या घालून नाचणारे लोक. पण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांचं लक्ष देवीच्या चेहऱ्यापेक्षा गळ्याकडेच जास्त होतं. मंडपात जे झालं ते सगळ्या गावांत पोचलं होतं, आणि पोचेपर्यंत त्याचं निम्मं खोटं झालं होतं. माझ्याशेजारचा एकजण दुसऱ्याला सांगत होता, ती बघ, बदललेली माळ. पालखीच्या पुढच्या दांडीला दर्शनाचा नवरा होता. त्याला हे सगळं ऐकू येत असणार.

दरवर्षी पालखी आत्याच्या घरावरून सरळ पुढे जाते. ही बाई ओटी भरत नाही, आरती करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी हिरूबाय गर्दीतून पुढे आली आणि दोन्ही हात पसरून पालखीसमोर उभी राहिली.

"थांबवा. बाईंना बघू द्या."

बँड थांबला. भोयांनी जागच्या जागी पावलं घट्ट केली. आत्या घरातल्याच पातळात फाटकापर्यंत आली, ओले हात पदराला पुसत. तिनं हात जोडले नाहीत. पालखीच्या अगदी जवळ गेली, मान कलती केली, आणि त्या माळेतला एकेक रुपया, पहिल्यापासून शेवटपर्यंत, घाई न करता पाहिला. उन्हात उभी असलेली ती सगळी माणसं, घामानं निथळणारे भोई, तोंडातून वाद्य काढून उभा असलेला बँडवाला, सगळे तिच्यासाठी थांबले होते. दर्शनाचा नवरा तिच्या तोंडाकडे बघत होता.

मग ती गर्दीकडे वळली आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली,

"तीच आहेत."

आणि भोयांना हातानं वाट दाखवली.